मामाचा बेस अ‍ॅम्प आणि कोजागिरीची गच्ची

पत्र असं आहे:

"काका, नमस्कार. मी कोथरूडला राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या सोसायटीत दर वर्षी गच्चीवर कोजागिरी असते, चाळीसेक माणसं जमतात. यंदा गाण्यांचं माझ्याकडे आलंय. मित्राचे दोन आठ इंची पॉवर्ड स्पीकर मिळतायत, पण त्यांना बेस अगदीच कमी आहे. माझा मामा कॉलेजात असताना बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. त्याचा दीडशे वॉटचा, पंधरा इंची स्पीकरचा अ‍ॅम्प आमच्या आतल्या खोलीत चादर घालून ठेवलाय. मामा आता बंगळूरला असतो. हा अ‍ॅम्प सबवूफर म्हणून चालेल का? एक मित्र म्हणतो, बेसचाच आहे, बिनधास्त लाव. दुसरा म्हणतो, पाच मिनिटांत उडेल. जोडायचा कसा तेही सांगा. आणि गच्चीच्या बरोबर खाली एक आजी एकट्या राहतात, त्यांना त्रास व्हायला नको."

लावता येईल. नीट लावलास तर चाळीस माणसांच्या गच्चीला पुरेल. तुझ्या दोन्ही मित्रांचं थोडं थोडं बरोबर आहे, आणि कुणाचं कधी बरोबर ठरेल हे सर्वस्वी तुझ्या हातात आहे.

आधी हा अ‍ॅम्प कशासाठी बनतो ते बघ. चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांचा सूर येतो. आपल्याला वाटतं, म्हणजे बेसचा अ‍ॅम्प ४१ हर्ट्झ दणकून वाजवत असणार. तसं बहुधा नसतं. त्या तारेतून ४१ बरोबर ८२, १२३ असे वरचे सूरही निघतात. कान त्यांच्यावरूनच खालचा सूर ओळखतो, आणि बँडमध्ये बेस गिटार उठून दिसते ती या वरच्या सुरांमुळेच. अँपेग कंपनीचा १९६९ पासूनचा एसव्हीटी हा बेसचा अ‍ॅम्प आणि त्याचं आठ स्पीकरांचं फ्रीजएवढं खोकं जगभरच्या स्टेजवर दिसतं. त्या खोक्याच्या कंपनीने दिलेल्या आकड्यांत आवाज ५८ हर्ट्झलाच ३ डेसिबलने उतरलेला असतो आणि ४० ला १० डेसिबलने. एवढ्या नावाजलेल्या खोक्याचं हे, तर मामाच्या एका पंधरा इंचीकडून ३५ हर्ट्झची अपेक्षा ठेवणं त्याच्यावर अन्याय आहे. आजकालच्या डान्सच्या गाण्यांत जो लांबलचक 'बूऽऽम' असतो तो पुष्कळदा ४० च्या आसपास किंवा त्याच्याही खाली जातो. तो तुला मिळणार नाही. ड्रमचा ठोका, ढोलाचा थर, जुन्या गाण्यांतली बेस गिटार हे सगळं साधारण ५० ते १०० मध्ये येतं. ते मात्र हा अ‍ॅम्प मनापासून वाजवेल, कारण तो त्याचाच प्रांत आहे.

आता 'उडेल' म्हणणाऱ्या मित्राचं. बेस वाजवणारा माणूस सूर लावतो, सोडतो, मध्ये थांबतो. त्या फटींत स्पीकरच्या कॉइलला, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्याला, गार व्हायला वेळ मिळतो. पार्टीचं रेकॉर्ड केलेलं गाणं तशी फट देत नाही. ते दाबून-चेपून एकसारखं मोठं केलेलं असतं, आणि एक संपलं की लगेच दुसरं. कॉइल तापतच राहते. दुसरी भीती खोक्याच्या भोकाची. पुढे किंवा मागे गोल अथवा चपटं भोक असेल तर ते खोकं ठरावीक सुरापर्यंतच कोनाला, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला, हवेचा आधार देतं. त्याच्या खालचा सूर आला की आधार सुटतो आणि कोन नुसता आतबाहेर फडफडतो. आवाज वाढत नाही, कोनाचे हाल मात्र होतात.

हे मी स्वतः करून बसलो आहे. खूप वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात लग्नाच्या आदल्या रात्री मित्राचा बेस अ‍ॅम्प असाच लावला होता. नाचणारे "अजून, अजून" म्हणत होते आणि मी नॉब फिरवत होतो. पाऊण तासाने तापलेल्या वार्निशसारखा वास आला. मला वाटलं मांडवाची वायर असेल. ती कॉइल होती. दुसऱ्या दिवशी जाळी काढून दोन्ही हातांची बोटं कोनावर गोल ठेवून हलकेच दाबलं, तर आतून खर्र खर्र असा घासल्याचा आवाज आला. चांगला कोन दाबताना काही म्हणजे काही ऐकू येत नाही. तो खर्र आवाज मी अजून विसरलेलो नाही, कारण मित्राने तो अ‍ॅम्प ट्यूशन घेऊन साठवलेल्या पैशांत घेतला होता. म्हणून तुला आधीच सांगतो: कार्यक्रमात असा वास आला की गाणं पूर्ण होईपर्यंतही थांबायचं नाही. त्या क्षणी बंद.

माझ्या सगळ्या उत्तरातला महत्त्वाचा भाग आता सांगतो. आपण सगळे उलटं करतो. आधी स्पीकर मोठे करतो, मग बेस कमी पडला की बेसच्या मागे धावतो. तू आधी अ‍ॅम्प सुखाने किती वाजतो ते ठरव: आवाज फाटत नाही, क्लिपचा (आवाज झेपेनासा झाल्याचा) लाल दिवा लागत नाही, खोकं खडखडत नाही, तिथे थांब. त्या नॉबवर कागदी चिकटपट्टी लाव. मग स्पीकर शून्यापासून वर आण आणि दोन्ही एकजीव वाटले की सोड. रात्रभर बेस कमी वाटला तर स्पीकर खाली घे, चिकटपट्टीला हात लावू नकोस. तिथून पुढे नॉब पिळून फारसं काही मिळतही नाही. वॉट दुप्पट केले तरी ३ डेसिबलच वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. दीडशेचे दीड हजार तू कुठून आणणार?

जोडणीचं बोलू. ब्लूटूथ या प्रकरणात अजिबात नको. स्पीकर ब्लूटूथवर आणि अ‍ॅम्प वायरवर असं केलंस तर स्पीकरचा आवाज सहज दीडशे मिलिसेकंदांनी मागे पडतो. तेवढ्या वेळात आवाज हवेतून पन्नासेक मीटर जातो. म्हणजे ठेका तुझ्या गच्चीवर आणि गाणं दोन इमारती पलीकडे, असं ऐकू येईल. दोन्हीकडे वायरच हवी.

तुझ्याकडे विंडोज लॅपटॉप असेल, तर मला सगळ्यात पसंत असलेली युक्ती सांगतो. 'इक्वलायझर एपीओ' नावाचा फुकट प्रोग्राम आहे. त्यात डावी-उजवी बाजू आधी एकत्र करायची. मग डाव्या बाजूला फक्त ९० हर्ट्झच्या वरचं जाऊ द्यायचं आणि उजव्या बाजूला फक्त ४० ते ९० मधलं. लॅपटॉपच्या छोट्या पिनमधून दोन वेगळ्या मोनो पिना काढणारी वायर घ्यायची. डावी पिन पहिल्या स्पीकरला, त्याच्या लिंक आउटमधून दुसऱ्या स्पीकरला. उजवी पिन अ‍ॅम्पला. स्टिरिओ जातो, पण गच्चीवर माणसं पातेल्याभोवती आणि कठड्याशी विखुरलेली असतात, नेमकी दोन स्पीकरांच्या मधोमध कुणी बसत नाही, त्यामुळे मला त्याचं दुःख नाही. फायदे मोठे आहेत. अ‍ॅम्पला ४० च्या खालचा सूर जातच नाही, म्हणून कोन फडफडत नाही. आणि आठ इंची स्पीकरांवरचं खालच्या सुरांचं ओझं उतरतं, ते आधीपेक्षा मोकळे वाजतात.

लॅपटॉप नसेल तर छोटा मिक्सर कुणाकडून तरी आण. फोन स्टिरिओ चॅनेलवर, मेन आउट स्पीकरांना आणि ऑक्स सेंड (मिक्सरचं वेगळ्या नॉबचं जादा आउटपुट) अ‍ॅम्पला. यात वरचे-खालचे सूर वेगळे करणारी गाळणी नाही, ती अ‍ॅम्पच्याच नॉबांनी करावी लागेल: ट्रेबल शून्य, मिड शून्य, बेस मध्यावर. खोक्यात वरच्या सुरांसाठी छोटा भोंगा असेल तर मागच्या स्विचने तो बंद. हे नॉब सूर कमी करतात, तोडत नाहीत, त्यामुळे थोडा गढूळ आवाज येईलच. चालवून घे.

एक चूक मात्र करू नकोस. फोनची स्टिरिओ वायर, म्हणजे मोठ्या जॅकवर दोन काळ्या रेघा असलेली, थेट अ‍ॅम्पच्या गिटारच्या भोकात खुपसायची नाही. साध्या मोनो इनपुटमध्ये ती उजवी बाजू जमिनीशी जोडते आणि ती बाजू गायब होते. इनपुट बॅलन्स्ड, म्हणजे तीन टोकांच्या जॅकसाठीचं असेल तर अजून विचित्र होतं: अ‍ॅम्प डाव्यातून उजवं वजा करतो. गाण्यात गळा आणि बेस दोन्ही बाजूंना सारखे असतात, म्हणून वजाबाकीत नेमके तेच जातात. "अ‍ॅम्पमधून बेसच येत नाही, खराब झालाय" म्हणून लोक तो दुरुस्तीला नेतात, आणि दोष वायरचा असतो. योग्य वायर आणि जॅक बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळतील. दुकानदाराला नाव सांगण्यापेक्षा दोन्ही टोकांच्या भोकांचे फोटो दाखव, पटकन काम होईल.

कुठल्या भोकात घालायचं हा प्रश्न उरतो. गिटारचा सिग्नल अशक्त असतो, लॅपटॉपचा त्याच्यापेक्षा दणकट. समोरच्या इनपुटला 'अ‍ॅक्टिव्ह' किंवा उणे दहा-पंधरा डेसिबलचं बटण असेल तर ते दाब आणि गेन शून्यापासून वाढव. मागे 'इफेक्ट्स रिटर्न' किंवा 'ऑक्स इन' असेल आणि गाळणी तू लॅपटॉपमध्येच केली असशील, तर तिथे घालणं अधिक स्वच्छ. पण ही भोकं बहुतेक अ‍ॅम्पमध्ये टोनच्या नॉबांना वळसा घालून जातात, म्हणून मिक्सरवाला मार्ग घेणार असशील तर समोरचंच भोक वापर. आणि कुठल्याही घरगुती अ‍ॅम्प्लिफायरची स्पीकरला जाणारी वायर या अ‍ॅम्पच्या इनपुटमध्ये घालू नकोस. त्याने अ‍ॅम्प खरंच मरतो.

जोडून झाल्यावर स्पीकर बंद ठेवून एकटा अ‍ॅम्प ऐक. शेजारच्या फ्लॅटमध्ये लग्न आहे आणि दार लावलेलं आहे, असा आवाज यायला हवा. गाण्याचे शब्द कळत असतील तर गाळणी झालेली नाही.

जागेचं सांगतो. गच्चीवर छत नाही, भिंती नाहीत. घरात घुमणारा बेस तिथे सरळ वर निघून जातो. जिन्याच्या खोलीची भिंत आणि कठडा जिथे मिळतात तो कोपरा अ‍ॅम्पला दे. प्रत्येक भिंत कागदावर ६ डेसिबलपर्यंत मदत करते, प्रत्यक्षात त्याहून कमी, पण ती फुकटची आहे आणि कॉइलला तापवत नाही. स्पीकरही त्याच बाजूला, अ‍ॅम्पपासून दोनेक मीटरच्या आत ठेव. ९० हर्ट्झची लाट जवळजवळ चार मीटर लांब असते. अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्या ऐकणाऱ्यापर्यंतच्या अंतरांत अर्ध्या लाटेचा फरक पडला तर दोघं एकमेकांना खातात, आणि सगळं चालू असूनही ठेका पोकळ वाटतो. तसं वाटलं तर प्रोग्राममध्ये उजवी बाजू उलटी कर, म्हणजे त्या बाजूच्या आकड्यांना उणे चिन्ह दे, आणि त्याच जागी उभं राहून तेच गाणं परत ऐक. जे भरीव वाटेल ते ठेव.

वीज आणि दूध हे दोन्ही कोजागिरीला गच्चीवर असतात, म्हणून दोन शब्द. अ‍ॅम्प, स्पीकर, लॅपटॉप एकाच बोर्डावर घे, म्हणजे गुंई आवाज कमी येतो. आला तरी तीन पिनांमधली अर्थिंगची पिन मोडायची किंवा टेप लावून झाकायची नाही. त्यासाठी सिग्नलच्या वायरीत मध्ये जोडायचा डीआय बॉक्स मिळतो, त्यावर ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे त्या वायरीपुरती ग्राउंडची जोडणी तोडायचं बटण असतं. दुधाची इंडक्शन शेगडी त्याच बोर्डावर नको. दोन हजार वॉटची शेगडी २३० व्होल्टला साडेआठ-नऊ अँपियर ओढते, साधा सहा अँपियरचा सॉकेट त्याला पुरत नाही. अ‍ॅम्पच्या डोक्यावर कुणी दुधाचा पेला ठेवणार, हे मी लिहून देतो. त्यावर आधीच एखादी उतरती फळी टाक. आणि परतीच्या पावसाचा भरवसा नाही, प्लास्टिकचा मोठा कागद हाताशी असू दे.

आता आजी. तुझ्या पत्रात त्या आल्या याचं मला फार बरं वाटलं. तुझी गच्ची म्हणजे त्यांचं छत. खोकं थेट लादीवर ठेवलंस तर ते स्लॅबलाच हलवतं, आणि स्लॅब त्यांच्या पलंगावर बोलतो. खाली चार इंच जाड फोम किंवा घट्ट घडी केलेली जुनी गादी घाल. त्याने बेस कमी होत नाही. ६० हर्ट्झच्या पावणेसहा मीटर लांबीच्या लाटेला चार इंचांचं काही वाटत नाही, स्लॅबला मात्र फरक पडतो. त्यांच्या झोपायच्या खोलीवरची जागा टाळ. संध्याकाळी सहाला दहा मिनिटं वाजवून बघ. तेव्हा गच्चीवर मित्राला ठेव आणि तू खाली आजींच्या खोलीत जाऊन उभा राहा. खिडकीची काच बोटाने दाबून बघ, थरथरते का. देवघरातली घंटी किणकिणते का. तिथे जे कळेल ते कुठलंही यंत्र सांगणार नाही.

यंत्राचं मुद्दाम म्हणालो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. हे डेसिबल 'ए' मापाने मोजतात. ते माप खालचे सूर फारसे धरतच नाही. ५० हर्ट्झला ते सरळ ३० डेसिबल वजा करतं. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये आकडा निरागस दिसेल आणि खाली आजींचा पलंग थरथरत असेल. गणपतीत डॉल्बीसमोर उभं राहिल्यावर छातीत जे होतं ते आठव. तोच प्रकार लहान प्रमाणात. लाउडस्पीकरसाठी लेखी परवानगी लागते, ती सोसायटीच्या होकारापेक्षा वेगळी. कार्यकारिणीतल्या कुणाला तरी सोबत घेऊन आधी आपल्या पोलीस ठाण्यात विचारून या.

रात्री दहानंतर उघड्या गच्चीवर लाउडस्पीकर चालत नाही. कोजागिरीचा चंद्र डोक्यावर येतो बारा वाजता, हे मला माहीत आहे आणि मलाही त्याची हुरहुर वाटते. माझा सल्ला असा: बेस अ‍ॅम्प साडेनऊला बंद कर, शेवटचा अर्धा तास नुसते स्पीकर हळू ठेव, आणि दहाला सगळंच बंद. दूध आटायला तोवर वेळ लागतोच. पुढे भेंड्या, कुणाचं तरी भावगीत, मामाच्या जुन्या बँडचे किस्से फोनवर. आजींना वर बोलवा. त्यांच्यासाठी पाठ टेकायची खुर्ची कठड्यापासून आणि अ‍ॅम्पपासून लांब.

तुला यापेक्षा जास्त हवं असेल, चाळीसच्या चाळीस जण नाचणार असतील आणि आजकालचीच गाणी असतील, तर मामाच्या अ‍ॅम्पला हात लावू नकोस. एका दिवसासाठी पंधरा किंवा अठरा इंची पॉवर्ड सब भाड्याने आण. तो त्याच कामासाठी बनलेला असतो, त्यात गाळणी आणि संरक्षण दोन्ही आधीच असतं, आणि वर्गणी काढली तर जड जात नाही.

आणि मामाला फोन आजच कर. परवानगी तर हवीच, पण त्याला दोन गोष्टी विचार: खोक्यातला स्पीकर मूळचा आहे की बदललेला, आणि अ‍ॅम्प शेवटचा कधी चालू केला होता. अनेक वर्षं पडून असेल तर नॉब खरखरतील, आधी ते बंद अवस्थेत दहा-वीस वेळा इकडून तिकडे फिरव. त्याच्याही आधी, चादर काढल्या काढल्या, काहीही हलवायच्या अगोदर समोरच्या पट्टीचा फोटो काढ. प्रत्येक नॉब मामाने शेवटच्या दिवशी जिथे सोडला होता तिथेच असेल. कोजागिरीनंतर फोटो बघून सगळे परत तिथे आण आणि मग चादर घाल.